मिटलेल्या डोळ्यांच्या काचा

१

ही गोष्ट माझ्याइतकी झकास सांगणारा माणूस तुम्हाला शोधून सापडणार नाही. कारण साधं आहे. बाकीच्यांना ती खरी कशी घडली ते माहीत आहे, त्यामुळे बिचारे सांगताना अडखळतात.

तर एक डोळेकाका होते. आईबापांनी त्यांचं काहीतरी नाव ठेवलं होतं, पुढे गल्लीने त्यांना इतकी नावं ठेवली की त्या गर्दीत मूळचं हरवलं. कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओत त्यांनी उभा जन्म रिटचिंग केलं. म्हणजे असं, की गिऱ्हाईक ऐटीत बसायचं, दिवा लखकन पेटायचा आणि नेमके तेव्हाच गिऱ्हाईक डोळे मिटायचं. मालक म्हणायचे, "असू द्या, आत आमचा माणूस आहे." तो आतला माणूस म्हणजे डोळेकाका. तिरक्या काचेचं डेस्क, काचेखाली आरसा, खिडकीचा उजेड आरशातून वर येणार आणि त्या उजेडावर निगेटिव्ह. निगेटिव्हमध्ये सगळा उलटा कारभार. केस पांढरे, दात काळे, चांगला गोरागोमटा नवरदेव कोळशासारखा. त्याच्या मिटल्या पापणीवर सुरीच्या टोकाने बुबुळाएवढं खरवडायचं, बाजूने पेन्सिलीच्या सुईसारख्या टोकाने भरायचं, मध्ये चमकेचा एवढासा ठिपका सोडायचा. छापलं की नवरदेव टक्क जागा. लग्नानंतर पुन्हा मिटतो ती गोष्ट वेगळी.

खोड्याही करायचे. एका वकिलाने फार भाव खाल्ला, तर काकांनी त्याला जरासा चकणा करून दिला. वकिलाला फोटो इतका आवडला की ऑफिसात मोठा करून लावला. पक्षकार बिचारे फोटोला विचारायचे, साहेब माझ्याकडे बघताय की ह्याच्याकडे?

आता रिटचिंग कुणाला नको. मालकांनी स्टुडिओ विकायला काढला आणि किल्ली काकांच्या हातात ठेवली. "काका, आतलं काय ठेवायचं नि काय फेकायचं, तुम्हालाच कळेल. तेवढं रिकामं करून द्या."

घरी काकू. काकूंचे गुडघे रात्रभर ठणकत, त्यामुळे रात्री डोळ्याला डोळा नाही. जेवणं आटोपली की मात्र खिडकीजवळच्या खाटेवर त्यांना अशी गाढ झोप लागायची, की बघणाऱ्याला हेवा वाटावा. डॉक्टरांनी बजावलं होतं, बाई उभ्या आहेत त्या या दुपारच्या झोपेवर, ती मोडू देऊ नका. डोळेकाका साऱ्या जगाची टिंगल करायचे, पण दुपारी स्वतःच्या घरात चपला हातात घेऊन चालायचे.

"तुम्हीही पडा की जरा," काकू म्हणायच्या.

"मी? मी जन्मात दुपारी झोपलो नाही," काका म्हणायचे. "सगळ्यांनीच डोळे मिटले तर उघडायचे कुणी?"

२

त्या दुपारीही गल्ली नेहमीसारखी झोपली होती. दुकानांच्या फळ्या अर्ध्या ओढलेल्या, कुत्रं सावलीबरोबर सरकत सरकत झोपलेलं, कुणाच्या तरी घरात पंखा कुरकुरत होता. समोरच्या टेलरमास्तरांचं मशीन थांबलं, म्हणजे मास्तर कापायच्या टेबलावर आडवे झाले. एवढं शांत झालं की काकांना आपल्या पापण्यांचा आवाज येतो की काय असं वाटलं.

ते आपल्या जुन्या खुर्चीवर टेकले. इतकी वर्षं जिथे डोकं टेकायचे, तिथेच भिंतीच्या फळीला डोकं लागलं आणि फळी पोकळ वाजली. इतकी वर्षं वाजली नव्हती. किंवा इतकी वर्षं डोकंच भरलेलं होतं, असं काका स्वतःला म्हणाले आणि एकटेच हसले.

फळीच्या खाचेत सुरी घातली तर फळी अलगद सुटली. आत लाकडी मांडणी, तिला उभ्या खाचा, आणि एकेका खाचेत एकेक काच. काचेवरच्या निगेटिव्ह. अशा काचा मालकांच्या वडिलांच्या काळातच बंद झाल्या होत्या. एकीवरही नाव नाही, शिक्का नाही. धूळ मात्र नव्हती.

काकांनी एक काच डेस्कवर ठेवली. एक बाई कुशीवर झोपली होती, हात उशीखाली. दुसरी लावली. एक म्हातारा, तोंड उघडं. तिसऱ्या काचेवर मायलेकरं. सगळी झोपलेली, सगळ्यांवर खिडकीतून येणारा दुपारचा तोच लांबट उजेड. काकांनी जन्मभरात हजारो चेहरे पाहिले होते, पण ते सगळे फोटोसाठी केलेले चेहरे. हे चेहरे कुणासाठीच केलेले नव्हते. काकांच्या मनात आलं, हे काढणारा कोण असेल तो असेल, पण आपल्या मालकांना असला एक फोटो जन्मात काढता आला नाही. मग वाटलं, या लोकांनी याला आत कसं येऊ दिलं?

पुढच्या काचेवर टेलरमास्तर होते. कापायच्या टेबलावर उताणे, टेप गळ्यात, पोटावर हात. काकांना निगेटिव्हमध्ये माणूस बरोबर ओळखू येई. उजेडात येत नाही अशी काकूंची तक्रार होती.

आता काय झालं ते बघा. समोर निगेटिव्ह, निगेटिव्हमध्ये मिटलेले डोळे, हातात सुरी. दुसरा कुणी असता तर काच पुन्हा जागेवर ठेवली असती. काकांचा हात मात्र आपोआप पापणीवर गेला. शिवाय मनात खोडी होतीच. मास्तरांना फोटो द्यायचा नि म्हणायचं, मास्तर, तुम्ही डोळे उघडे ठेवून झोपता, तरीच पँटीचं माप चुकतं! दोन्ही बुबुळं छान गोल उतरली. चमकेचा ठिपका सोडला.

समोर मशीन सुरू झालं.

३

ते त्या दुपारी थांबलंच नाही. दुसऱ्या दुपारीही नाही, तिसऱ्याही नाही. सारी गल्ली निपचित आणि मधोमध मास्तरांचं मशीन, झोपलेल्या माणसाच्या छातीत काळीज चालावं तसं.

काका फोटो छापून, खिशात घालून मास्तरांकडे गेले. मास्तर मशीनवर बसले होते. डोळे लालबुंद, आणि पापणी म्हणून हलत नव्हती.

"काय मास्तर, धंदा जोरात?"

"कसला धंदा! जुने पडदे उसवतोय नि पुन्हा शिवतोय," मास्तर म्हणाले. "झोप नाही हो, डोळेकाका. रात्री नाही, दुपारी नाही. पाठ टेकली की डोळे टक्क. मिटतच नाहीत. बायको म्हणते, प्रेमात पडलात काय या वयात."

"पडलात का?"

"पडायला आधी आडवं तर व्हायला हवं!"

काका हसले. मास्तरांनी दोरा तोडायला हात उचलला आणि काकांचं हसू तिथेच अडकलं. मास्तरांच्या अंगठ्याला पट्टी होती.

"हे काय?"

"गेल्या आठवड्यात सुई आरपार गेली. आता अंगठासुद्धा शिवून घेतला, म्हटलं एवढं तरी फुकट."

खिशातला फोटो काकांनी बाहेर काढलाच नाही. परत येऊन काच डेस्कवर ठेवली, भिंग लावलं. पोटावरच्या हाताला, अंगठ्याला, पट्टी. गाठसुद्धा तीच, बाहेरच्या बाजूला.

काका अडाणी असतील, पण डोकं वापरल्याशिवाय घाबरणाऱ्यातले नव्हते. त्यांनी स्वतःला समजावलं. टेलर म्हटल्यावर जन्मात काय एकदाच सुई लागते? जुनी पट्टी असेल, जुना फोटो असेल. मग मास्तरांच्या टकलाकडे लक्ष गेलं. टक्कल काही जुनं नव्हतं.

४

मग त्यांनी सगळ्या काचा बघितल्या. भराभर, खिडकीशी धरून. दूधवाला होता, सायकलच्या सीटचं कव्हर उशाशी घेऊन. शाळेतल्या बाई होत्या, चष्मा नाकावर तसाच. डॉक्टर होते, स्वतःच्याच तपासायच्या टेबलावर. काका एकेकाला ओळखत गेले, आणि प्रत्येक वेळी खोलीतलं काहीतरी आजचं निघालं. डॉक्टरांच्या भिंतीचा परवा दिलेला रंग. बाईंच्या खिडकीची नुकतीच फुटलेली काच.

प्रत्येक चित्र पायथ्याकडून काढलेलं. फार लांबून नाही, चोरून नाही. आजारी माणसाजवळ आपण बसतो ना, तितक्या अंतरावरून.

मास्तरांच्या काचेत कपडे घालून बघायचा मोठा आरसा होता. काढणारा जिथे उभा असणार, तीच जागा आरशात पडायला हवी. काकांनी भिंग फिरवलं. टेबल होतं, खिडकी होती, दार होतं. दाराला आतून कडी होती. माणूस नव्हता. फक्त आरशाच्या कडेला एक स्वच्छ पांढरा कोपरा होता. निगेटिव्हमध्ये पांढरा, म्हणजे खरा काळा. कापडाचा असावा तसा.

गल्लीतलं कुणी सुटलं नव्हतं. फक्त काकू नव्हत्या आणि काका नव्हते. आणि मांडणीच्या शेवटी एक खाच रिकामी होती. एकच.

घरी आल्यावर त्यांनी काकूंना विचारलं, "अगं, दुपारी तू झोपलीस की घरात कुणी येतं का?"

"झोपल्यावर कोण आलं ते मला कसं कळणार? आणि या घरात आहे काय यायला? तुमचा तो चकण्या वकिलाचा फोटो?"

"मस्करी नको. कडी लावतेस ना आतून?"

"कडी लावली तर तुम्ही आत कसे येणार? चपला हातात घेऊन चोरासारखे येता ते कळत नाही वाटतं मला?" काकू हसल्या. "झालंय काय तुम्हाला? थट्टा करणारा माणूस असा तोंड पाडून बसला की घरात कुणीतरी गेल्यासारखं वाटतं."

काकांनी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काकूंना काळजी लागली असती. काळजी लागली असती तर ती झोप गेली असती. मग काकूंची उघड्या डोळ्यांची काच निघाली काय नि न निघाली काय, सारखंच.

५

आधी मास्तरांचे डोळे मिटायला हवे होते. आता हे रिटचिंग करणाऱ्यांचं दुखणं सांगतो. पेन्सिलीचं पुसता येतं, पण सुरीने खरवडलेलं परत येत नाही. काकांनी जन्मभर डोळे उघडले होते. मिटायला कुणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे ते शिकले नव्हते.

पातळ शाई, सगळ्यात बारीक ब्रश आणि रोखून धरलेला श्वास. डावा डोळा झकास मिटला. उजव्यावर ब्रश घसरला. शाई एका बाजूला ओघळली आणि खाली एक फट राहिली.

समोरचं मशीन थांबलं. काकांनी कपाळ डेस्कला टेकलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर स्वतःच स्टुडिओत आले. ताजेतवाने, पण उजवी पापणी जराशी वर राहिलेली.

"लागली का झोप?"

"लागली! पण गंमत सांगू? एक डोळा झोपतो, एक बघत बसतो. म्हणजे मी घोरतोय ते मला ऐकू येतं, आणि खोली पण दिसते." मास्तर खुर्चीवर बसले. "कुणीतरी येतं हो, काका."

"कोण?"

"तोंड दिसत नाही. डोक्यावरून काळं कापड घेतलेलं, तुमच्या मालकांचे वडील घ्यायचे ना कॅमेऱ्यामागे, तसं. पायथ्याशी बसतं. काही करत नाही. असं प्रेमाने बसतं ना, की भीती वाटायच्या ऐवजी आपलं आवरून घ्यावंसं वाटतं. पण एक सांगतो, कापड उंची आहे आणि कड पार उसवलेली. ते लोंबणारे दोरे बघून माझा जीव तुटत होता."

"मग?"

"मग काय, शिवून दिलं."

"उठून?"

"झोपेतच. उसवलेलं कापड समोर ठेवून मी स्वस्थ बसेन का? एकच डोळा उघडा, म्हणून टाके जरा वाकडे गेले." मास्तर ओशाळवाणं हसले. "भला माणूस वाटला. आणि हो, तुमचं घर विचारत होता."

"माझं? तुम्ही सांगितलंत?"

"सांगितलं की. खिडकीपाशी खाट आहे ते घर, म्हटलं. झोपेतल्या माणसाला खोटं बोलता येतं होय?"

मास्तर गेले. आतल्या खोलीत, मालकांच्या वडिलांच्या मोठ्या कॅमेऱ्याजवळ, खुंटीवर ते काळं कापड होतं. कित्येक वर्षं कुणी हात न लावलेलं. काकांनी ते उतरवलं. कडेला नवा दोरा होता. टाके वाकडे होते.

कापडाला झोपेचा वास येत होता. उबदार, उशीच्या अभ्र्यासारखा.

काकांनी ते घट्ट गुंडाळलं, लोखंडी पेटीत कोंबलं, पेटीला कुलूप लावलं. पेटीची किल्ली एका खिशात, स्टुडिओची दुसऱ्या खिशात. आणि धावतच घरी निघाले. त्यांच्या वयाला धावणं म्हणजे काय, तर कुत्र्याने मान वर करून बघितलं नि पुन्हा खाली टेकवली.

६

काकू जेवणानंतरची भांडी आवरत होत्या.

"आज एवढ्या लवकर? स्टुडिओ आटोपला?"

"स्टुडिओ कुठे पळून जातोय. मी आज इथेच बसणार आहे, दाराशी."

"राखण? माझी? उशीरच केलात जरा, चाळीस वर्षांपूर्वी बसायचं होतंत. तेव्हा राखण्यासारखं होतं काहीतरी." काकू खाटेवर आडव्या झाल्या, गुडघ्याखाली उशी घेतली. "बसा. पण घोरायचं नाही."

"मी दुपारी झोपत नाही."

"माहितीये बाई, माहितीये," म्हणत काकूंनी कूस बदलली.

काकांनी कडी लावली. ओढून पाहिली. खुर्ची दाराला पाठ लावून ठेवली आणि तिच्यावर बसले, म्हणजे आत यायचं तर काकांसकट दार ढकलावं लागेल. खिडकीतून ऊन आलं. पडदा हलला की ते खाटेवर सरके, पडदा थांबला की थांबे. काकूंचा श्वास लांब झाला. चेहऱ्यावरच्या ठणक्याच्या रेघा एकेक पुसल्या गेल्या, कुणी रबर फिरवावं तशा. काकांना वाटलं, किती वर्षांत आपण हिच्याकडे असं बघितलं नाही. आपण बघायचो ते उघड्या डोळ्यांचं. असं कुणीतरी टिपून ठेवायला हवं होतं.

आणि लगेच मनात म्हणाले, नको.

उजेड आता लांबट झाला होता. काकांनी तो ओळखला. कुठे पाहिला होता ते आठवायचं त्यांनी टाळलं. त्याऐवजी गल्लीतले आवाज लावून बघितले. पंखा होता. मास्तरांचं मशीन होतं. मग ते थांबलं. त्यानंतर अगदी जवळ कुणीतरी कापड झटकल्यासारखा आवाज झाला, आणि पडद्याचाच, असं काका स्वतःशी म्हणाले. पडदा तेव्हा हलत नव्हता. मशीन थांबल्यावर राहिलेली शांतता इतकी मऊ होती, की तिच्यावर डोकं ठेवावं.

मग ऊन भिंतीवर होतं.

काका उभे होते. दाराशी नव्हे, खोलीच्या मधोमध. हाताला काहीतरी धरून ठेवल्यासारखी रग लागली होती. कडी सरकवलेली होती. खुर्ची खाटेच्या पायथ्याशी होती, काकूंकडे तोंड करून, आणि तिच्या बैठकीत कुणी नुकतंच उठून गेल्यासारखा खळगा हळूहळू वर येत होता.

काकूंनी डोळे उघडले. दोन्ही उघडले, दोन्ही मिटले, पुन्हा उघडले. काकांनी तेवढं नीट बघून घेतलं.

"अगंबाई, काय झोप लागली आज," काकू आळस देत म्हणाल्या. "गुडघे आहेत की नाहीत तेसुद्धा कळलं नाही. गेले का ते?"

"कोण?" काकांनी दाराकडे पाहिलं. "कोण आलं होतं? कडी कुणी काढली? अगं, मी दाराला पाठ लावून बसलो होतो, मी डोळ्याची पापणी हलवली नाही!"

"मला काय दरडावताय? टकटक झाली तसे तुम्हीच उठलात, कडी काढलीत, या म्हणालात, बसायला खुर्ची दिलीत. मी बापडी परक्या माणसासमोर उठून बसत होते, तर माझ्या डोक्यावर हात ठेवून 'तू नीज गं, मी आहे ना जागा' असं कोण म्हणालं मग?"